ओलांडणे आणि व्यापणे : शहराचा रस्ता, पाण्याची वाट

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० मध्ये एक लांबलचक वाक्य आहे. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पायवाटा, पूल, बांध, कुंपणे यांची यादी करत करत ते वाक्य त्याच दमात समुद्राच्या आणि खाडीच्या तळाशी जाते, तिथून नद्या, ओढे, नाले, तलाव आणि कालवे गोळा करते आणि सांगते की, यातले जे कोणा व्यक्तीच्या मालकीचे नाही ते सारे राज्य शासनाचे. रस्ता आणि ओढा अशा रीतीने एकाच मालकाच्या दप्तरात शेजारी-शेजारी बसले आहेत. मग एकावर दुसरा चढवायला हरकत कोणाची? उत्तर त्याच वाक्याच्या शेपटात आहे, आणि कायद्याचे बरेच वाचक तिथवर पोचत नाहीत. या मालमत्तेची विल्हेवाट लावताना वहिवाटीचे आणि इतर सगळे कायदेशीर हक्क, सार्वजनिक असोत वा वैयक्तिक, शाबूत राहिले पाहिजेत, अशी अट तिथे घातली आहे. शासनाची मालकी आहे, पण ती मोकळी नाही.

आणि इथे तर बोलायचे आहे महापालिकेबद्दल, जी या वाक्यात मालक म्हणूनही येत नाही.

ही प्रस्तावना ज्या अभ्यासक्षेत्राची आहे त्याला विद्यापीठांत स्वतंत्र खोली मिळालेली नाही. कायद्याच्या अभ्यासक्रमात त्याचा एक तुकडा नगरपालिका कायद्यात सापडतो, दुसरा पर्यावरण कायद्यात, तिसरा सुविधाधिकारांच्या जुन्या, कंटाळवाण्या समजल्या जाणाऱ्या कायद्यात. स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी मोरीचा आकार काढायला शिकतो, पण ती मोरी बांधण्याचा अधिकार कोणाला, हे त्याला कोणी विचारत नाही. नगररचनाकाराला आराखडा येतो, पूररेषा जलसंपदा खात्याकडून येते आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून पाहण्याचे काम बहुधा एखाद्या तक्रारदाराच्या वाट्याला येते. वकील, अभियंते, नगरसेवक, पत्रकार, नदीकाठचे रहिवासी अशा कोणीही यावे असे हे दालन आहे. आधी काय शिकलेले असावे, याची अट नाही. जुना नकाशा आणि नवा निकाल दोन्ही सारख्याच चिकाटीने वाचायची तयारी हवी.

सगळ्या पसाऱ्यातून हाती लागणारे सूत्र मला एवढेच दिसते. शहराला पाणी ओलांडण्याचा अधिकार असतो. पाणी व्यापण्याचा नसतो, आणि हवा असेल तर तो वरून मागून आणावा लागतो. पूल म्हणजे ओलांडणे. नाल्यावर पाचशे मीटर स्लॅब टाकून वर वाहनतळ करणे किंवा नदीपात्रात भराव घालून काठाने रस्ता नेणे म्हणजे व्यापणे. दोन्ही कामांच्या निविदेत मथळा 'रस्ता' असाच असतो, हीच अडचण आहे.

आधी रस्त्याच्या अधिकाराकडे पाहू. मुंबईचा १८८८ चा अधिनियम आणि इतर शहरांचा १९४९ चा अधिनियम, दोन्ही महापालिकेला नवे सार्वजनिक रस्ते काढण्याचा आणि पूल बांधण्याचा अधिकार देतात. सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे 'निहित' होतात असेही म्हणतात. हे निहित होणे म्हणजे मालकी नव्हे, हा या क्षेत्रातला पहिला धडा. इंग्लंडमध्ये टनब्रिज वेल्सच्या नगरपालिकेने रस्त्याखाली खणून सार्वजनिक स्वच्छतागृह बांधले. उद्देश लोकोपयोगीच होता. पण १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की, रस्ता म्हणून वापरायला पृष्ठभाग आणि त्याच्या खाली-वर जेवढे लागेल तेवढेच नगरपालिकेचे. त्याखालची जमीन तिची नाही. पाचच वर्षांनी मद्रास उच्च न्यायालयाने मदुरेच्या नगरपालिकेला हेच ऐकवले. रस्ता तिच्याकडे येतो तो रस्ता म्हणून, आणि रस्त्यापुरताच.

अमेरिकेत याच विचाराला जॉन डिलन या न्यायाधीशाचे नाव चिकटले आहे. त्याने १८६८ च्या एका निकालात आणि १८७२ च्या आपल्या ग्रंथात मांडले की, नगरपालिका ही विधिमंडळाची निर्मिती आहे. तिला तेच अधिकार असतात जे स्पष्ट शब्दांत दिले आहेत, किंवा दिलेल्या अधिकारांतून अपरिहार्यपणे निघतात. शंका असेल तिथे शंकेचा फायदा नगरपालिकेला नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल; शहरांना घटनेतच जागा मिळाली आहे. पण बाराव्या अनुसूचीत 'रस्ते आणि पूल' आहेत तसेच 'पर्यावरणाचे संरक्षण'ही आहे, आणि ही यादी म्हणजे आपोआप मिळालेले अधिकार नाहीत. विधिमंडळाने काय सोपवावे याची ती सूची आहे. घटनादुरुस्तीचा दाखला देऊन नाल्यावर हक्क सांगणाऱ्या ठरावांनी एवढे तरी वाचायला हवे होते.

आता पाण्याची बाजू. ती रस्त्याच्या बाजूपेक्षा फार जुनी आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या विधिसंग्रहात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा या गोष्टी सर्वांच्या म्हणून नोंदवल्या गेल्या. इंग्रजी कायद्याने त्यात राजाला आणले. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर नदीचा तळ राजाचा, पण त्यावरून नाव हाकण्याचा हक्क जनतेचा, आणि तो हक्क खुद्द राजालाही मोडता येत नाही, फक्त संसदेला येतो. म्हणून तर लंडन शहरासारख्या बलाढ्य महापालिकेला स्वतःच्या दारातली फ्लीट नदी झाकण्यासाठी संसदेकडे जावे लागले. ही नदी तेव्हा नावापुरतीच नदी होती. खाटकांचा आणि चामडे कमावणाऱ्यांचा मैला वाहून नेणारे गटार झाली होती. १७३३ च्या कायद्याने परवानगी दिली, काही वर्षांतच झाकलेल्या पात्रावर बाजार भरू लागला आणि १७६० च्या दशकात टेम्सपर्यंतचा उरलेला भागही रस्त्याखाली गेला. आज फॅरिंग्डन स्ट्रीटवरून चालणाऱ्याच्या पायाखाली ती वाहतेच आहे. इतक्या घाण पाण्यासाठीसुद्धा शहराचा स्वतःचा ठराव पुरेसा मानला गेला नाही, हे त्यात महत्त्वाचे.

आपल्याकडे खासगी काठदाराचा हक्क १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात आला. नैसर्गिक प्रवाह निश्चित पात्रातून वाहत असेल तर तो आपल्या हद्दीत अखंड आणि मूळच्या प्रमाणात, दिशेत, वेगात यावा, असा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क कलम ७ च्या दाखल्यांत मांडला आहे. पाण्याच्या तापमानाचाही तिथे उल्लेख आहे. वरच्या अंगाला महापालिकेने दोन मीटरच्या पाइप-मोरीत ओढा कोंबला आणि खालच्या अंगाच्या सोसायटीत पाणी शिरले, तर पर्यावरणाचा एकही कायदा न उघडता दावा या कलमावर उभा राहू शकतो. वकील मंडळी त्याकडे क्वचितच वळतात. जनहित याचिकेला बातमी मिळते, सुविधाधिकाराच्या दाव्याला तारखा.

नौकानयनाचा हक्क आणि शहराचा रस्ता यांची खरी झटापट पाहायची तर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेकडे जावे लागते. ओहायो नदीवर व्हीलिंग इथे बांधलेला झुलता पूल इतका ठेंगणा होता की, पिट्सबर्गच्या आगबोटींची धुरांडी त्याखालून जाईनात. १८५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूल हा अडथळा असल्याचे ठरवले. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून तो पूल टपालमार्गाचा भाग आणि म्हणून वैध ठरवला. पुढे १८५६ मध्ये न्यायालयाने काँग्रेसचा तो अधिकार मान्य केला. मधल्या काळात, १८५४ च्या वादळात, पूल स्वतःच कोसळला होता, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत तळटीपेत जाते.

त्याहून मला मोलाचे वाटते ते १८८३ चे शिकागोचे प्रकरण. शिकागो नदी शहराच्या ऐन मध्यातून जाते आणि तिच्यावरचे पूल जहाज आले की उघडायचे. सकाळी कामावर जाणारे आणि संध्याकाळी परतणारे हजारो लोक पुलाच्या तोंडाशी खोळंबत. शहराने नियम केला की, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या तासाला पूल उघडणार नाहीत आणि इतर वेळीही एका मर्यादेपलीकडे उघडे राहणार नाहीत. एस्कनाबा नावाच्या जहाज कंपनीने याला आव्हान दिले. न्यायालयाने शहराची बाजू घेतली. पण कारण काय दिले, ते पाहण्यासारखे आहे. रस्ता नदीपेक्षा मोठा, असे न्यायमूर्ती स्टीफन फील्ड म्हणाले नाहीत. दोन्ही वाटा जनतेच्याच आहेत, दोन्हींना थोडे-थोडे थांबावे लागेल, आणि काँग्रेस हात घालत नाही तोवर स्थानिक परिस्थिती जाणणाऱ्या राज्याने, आणि त्याने अधिकार दिलेल्या शहराने, ही वाटणी करावी, असा तो विचार आहे. जहाज तासभर थांबेल. नदी बंद होणार नाही.

याच फील्ड यांनी नऊ वर्षांनी, १८९२ मध्ये, इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा निकाल लिहिला. इलिनॉयच्या विधिमंडळाने १८६९ मध्ये मिशिगन सरोवराच्या तळाची हजार एकरांहून अधिक जमीन, म्हणजे शिकागोचे बंदरच, एका रेल्वे कंपनीला देऊन टाकली होती आणि चार वर्षांनी पश्चात्ताप होऊन परत घेतली. न्यायालयाने सांगितले की, मुळात ही देण्याची वस्तूच नव्हती; राज्य इथे मालक नाही, विश्वस्त आहे. दोन निकाल लागोपाठ वाचले की ओलांडण्याची आणि व्यापण्याची सीमारेषा जितकी स्पष्ट दिसते तितकी ती नंतरच्या कोणत्याही भाष्यात मला सापडलेली नाही. १८९९ पासून तर तिथे नौकागम्य पाण्यावर कोणताही पूल बांधण्याआधी त्याचा नकाशा संघराज्य सरकारकडून मंजूर करून घ्यावा लागतो. हे विश्वस्ततेचे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये, बियास नदीचा प्रवाह वळवणाऱ्या एका हॉटेलच्या प्रकरणात, भारतीय कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले. कमलनाथ प्रकरण या नावाने ते ओळखले जाते. तळे, ओढे आणि गायराने यांच्याविषयीचे नंतरचे कितीतरी निकाल त्याच वाटेने गेले आहेत.

कोकणपट्टीला हा प्रश्न कधीच पुस्तकी नव्हता. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांधरस्ता पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काउंटने १६३३-३४ मध्ये मांडवीकाठच्या दलदलीतून काढला. त्याला खाली कमानी ठेवल्या आहेत, भरती-ओहोटीचे पाणी इकडून तिकडे जावे म्हणून. त्या काळी पर्यावरण परवाना नव्हता, पण खाडीचे पाणी कोंडले तर काय होते ते खाजणशेती करणाऱ्या मुलखाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मुंबईत उलटे झाले. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी पार भायखळ्यापर्यंत आत येई. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ते खिंडार बांध घालून बुजवले गेले आणि बांधावरून रस्ता झाला. हॉर्नबी वेलार्ड म्हणजे आजचा लाला लजपतराय मार्ग. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांची परवानगी नसताना त्याने काम रेटले आणि नकाराचे पत्र खिशात दाबून ठेवले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, मुंबईकरांना ती आवडते, कारण परवानगीआधी काम उरकणारा माणूस या शहराला आपला वाटतो. बांधामुळे ताडदेव-कामाठीपुऱ्याची सखल जमीन वस्तीला मिळाली, हे खरेच. ती जमीन भरतीच्या पातळीला खेटून असल्यामुळे मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की तिथले पाणी उपसून समुद्रात टाकावे लागते, हेही खरे.

माहीमचा कॉजवे १८४५ मधला. सरकार खर्चाला तयार नव्हते, तेव्हा अवाबाई जमशेटजी जीजीभाईंनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले आणि टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. त्या दातृत्वाबद्दल वाद नाही. पण मिठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथेच तिच्या तोंडावर हा बांधरस्ता आहे. पुढे वरच्या अंगाला विमानतळाची धावपट्टी नदीवर आली, प्रवाहाला काटकोनात वळणे दिली गेली, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाजणात भर पडली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा या सगळ्या परवानग्यांची बेरीज एकदम समोर आली. त्यातली प्रत्येक परवानगी वेगळ्या खात्याची होती आणि बहुतेक कागदोपत्री वैध होत्या. नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने जो अहवाल दिला तो या क्षेत्रात येणाऱ्याने मुळातून वाचावा. निकालांत दोष कोणाचा ते कळते. पाणी कुठे अडले ते कळायला असे अहवाल लागतात.

सागरी किनारा रस्ता ही या कथेतली ताजी आवृत्ती. किनारा नियमन अधिसूचनेत डिसेंबर २०१५ मध्ये बदल होऊन अपवादात्मक परिस्थितीत भराव घालून रस्ता करण्याची वाट उघडली. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची मंजुरी रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, मात्र रस्त्याचे काम तेवढे करा, भरावाच्या जमिनीवर दुसरा विकास नको, असे बजावून. रस्त्यापुरतीच मोकळीक देणारी ही अट वाचताना टनब्रिज वेल्सची आठवण होते. वरळी कोळीवाड्याचे भांडण मात्र केवळ न्यायालयात नाही, समुद्रातही लढले गेले. त्यांच्या होड्या ज्या वाटेने बाहेर पडतात तिथे पुलाच्या दोन खांबांतला गाळा ६० मीटरचा ठेवला होता. फुगलेल्या समुद्रात तेवढ्यातून होडी काढणे म्हणजे जिवाशी खेळ, असे कोळी सांगत राहिले, काम अडवत राहिले. अखेर गाळा १२० मीटरचा करायचे ठरले. व्हीलिंगच्या धुरांड्यांचा प्रश्न होता उंचीचा, इथे रुंदीचा, हक्क तोच. आपल्याकडच्या अभ्यासकांनी नौकानयनाचा सार्वजनिक हक्क परदेशी विषय म्हणून बाजूला ठेवला आहे. कोळीवाड्याने तो तसा नाही हे दाखवून दिले.

पुण्याचा मुद्दा निराळा आहे, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांचा मुद्दा पुण्यासारखाच आहे. इथे जहाज नाही, भरती नाही. ओढे आहेत, आठ महिने कोरडे. कोरडा ओढा कोणालाही जमीनच वाटतो. आंबिल ओढा पूर्वी आजच्या बाजीराव रस्त्याच्या अंगाने मुठेला जाऊन मिळे असे पुण्याचे इतिहासकार सांगतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. म्हणजे पाण्याच्या वाटेवर शहर चढवणे पुण्याला नवे नाही. फरक एवढाच की, तेव्हा ओढ्याला दुसरी वाट काढून दिली. पुढच्या काळात ती दुसरी वाटही सीमाभिंती, कल्व्हर्ट आणि राडारोडा यांनी अरुंद होत गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूने आलेल्या लोंढ्याने पुण्यात वीसहून अधिक माणसे गेली.

हे कसे घडते, हे समजायला विकास नियंत्रण नियमावलीतली एक छोटी तरतूद पुरते. सखल जमिनीतून जाणारा लहान प्रवाह, ज्याला ठळक काठ नाहीत, तो प्राधिकरणाच्या परवानगीने ठरावीक मार्गात आणि ठरावीक आकारात बांधून घेता येतो, अशी ती तरतूद. शब्द मोजून-मापून वापरले आहेत. लहान प्रवाह हवा, काठ ठळक नसावेत, मार्ग आणि छेद प्राधिकरणाने ठरवावा. प्रत्यक्षात काठ असलेले ओढेही या दारातून आत येतात. आधी भराव पडतो, मग काठ ठळक उरत नाहीत, मग अर्ज येतो.

नदीसाठी निदान रेषा आहेत. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोहोंच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. विठ्ठलवाडी ते वारजे असा मुठेच्या काठाने आखलेला रस्ता या निळ्या रेषेच्या आत, भराव घालून उंच केला जात होता. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने महापालिकेला आखणी काठाकडे सरकवायला, भराव काढायला आणि रस्ता न्यायचाच तर खांबांवरून न्यायला सांगितले. विकास आराखड्यात रस्ता दाखवला आहे, हा बचाव चालला नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या प्रत्येक नगर अभियंत्याच्या टेबलावर हा निकाल असावा, कारण आराखड्यातली रेघ म्हणजे पूररेषेतून सुटका नव्हे हे त्याने सरळ सांगितले. पुढे वनाझ-रामवाडी मेट्रोचा सुमारे १.७ किलोमीटरचा भाग मुठेच्या पात्रालगत आला तेव्हा याच न्यायाधिकरणाने आधी स्थगिती दिली आणि तज्ज्ञांच्या तपासणीनंतर काम होऊ दिले. नदीला समांतर पण खांबांवर, हे ओलांडणे नव्हे आणि पुरते व्यापणेही नव्हे. माझे वर सांगितलेले सूत्र इथे अडखळते, आणि अभ्यासाला खरी सुरुवात अशाच जागी होते. खांबांची जाडी, त्यांतले अंतर, पुराच्या दिशेशी त्यांचा कोन आणि पायथ्याशी अडकणारी झाडे-झुडपे यांवर मग उत्तर अवलंबून राहते. कायद्याच्या माणसाला इथे जलविज्ञान टाळता येत नाही.

नव्या वाचकाला एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. कागदावर या मर्यादा जितक्या कडक दिसतात तितक्या व्यवहारात नसतात. न्यायालय येते तेव्हा भराव पडलेला असतो, पैसा खर्च झालेला असतो आणि 'आता काढायचा तर दुप्पट खर्च' हा युक्तिवाद तयार असतो. न्यायालयांनाही कुंपण आहे. बंगळूरच्या तलावांभोवती आणि राजकालुव्यांलगत, म्हणजे तिथल्या मोठ्या नाल्यांलगत, सोडायचे अंतर हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये वाढवले, ते मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले; कायद्याने झालेला आराखडा न्यायाधिकरणाला बदलता येत नाही म्हणून. आराखड्यापुढे पूररेषा जिंकते आणि न्यायाधिकरणापुढे आराखडा, हे दोन्ही निकाल एकत्र नांदू शकतात का, यावर अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी. पाण्याची वाट मोकळी करायची म्हटली की पहिला बुलडोझर झोपडीवर जातो, स्लॅबवर क्वचितच. २०२१ च्या जूनमध्ये आंबिल ओढ्याकाठची घरे पाडण्याची कारवाई ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली आणि न्यायालयाच्या स्थगितीने थांबली. नाल्यावर रस्ता असेल तर ती पायाभूत सुविधा, घर असेल तर अतिक्रमण, असा भेद कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. शहराच्या अधिकाराची मर्यादा शिकवणाऱ्या क्षेत्राने ती मर्यादा शहराच्या स्वतःच्या बांधकामाला आधी लावायला हवी. सोलने ते करून दाखवले. तिथला चोंग्येचोन ओढा १९५० च्या दशकापासून झाकला गेला, वर उन्नत महामार्ग आला आणि २००३ ते २००५ या काळात महापालिकेने स्वतःच तो महामार्ग उतरवून सुमारे सहा किलोमीटर ओढा उघडा केला. त्याचेही टीकाकार आहेत, कारण आत वाहते ते पाणी बरेचसे पंपाने आणलेले आहे.

सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. निकालांपासून नव्हे. आपल्या भागातला एखादा बंदिस्त नाला निवडावा आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून त्या गावाचा जुना नकाशा काढावा. शहर वाढून गाव गिळले असले तरी गावनकाशा दप्तरात असतो, आणि नाल्याच्या दोन रेघा त्यावर असतात. त्यानंतर लगतच्या गटांचे सातबारा पाहावेत. पोटखराबा वर्ग 'ब' म्हणून किती क्षेत्र नोंदले आहे ते टिपून घ्यावे, कारण रस्ते, नाले अशा सार्वजनिक उपयोगाची जमीन तिथे येते. मग विकास आराखड्याचे पत्रक, मग जलसंपदा खात्याची पूररेषा असेल तर ती, मग पालिकेच्या मलनिस्सारण विभागाचा पर्जन्यवाहिन्यांचा नकाशा. या शेवटच्या कागदावर तोच ओढा बहुधा पालिकेच्या मालमत्तेतले गटार होऊन बसलेला दिसेल, आणि कोणत्या वर्षी, कोणत्या ठरावाने तो तसा झाला, हे शोधणे म्हणजे पहिला स्वाध्याय. ठराव सापडला तर त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा जमीन हस्तांतराचा आदेश जोडला आहे का, ते बघावे. नकाशाची नक्कल मागताना ती प्रमाणित, सही-शिक्क्याची मागावी. मोबाइलवर काढलेला फोटो पुराव्यात उभा करणे फार जड जाते.